उंबऱ्यावरची काजळाची डबी

कळंबच्या पेठेत आमचं दुकान होतं आणि त्याच्या पाठीशी घर. मधे एक दार. दुकानात गूळ, तेल, डाळी, मीठ, आणि मामंजींच्या बैठकीच्या उजव्या हाताला एक फळी. त्या फळीवर औषधं. मामंजी म्हणजे माझे सासरे. ते वैद्य नव्हते की हकीम नव्हते. पण दवाखाना लांब, आणि पायाला, कानाला, डोळ्याला काही लहानसहान झालं तर त्यासाठी गाडी जुंपून कोण जाणार? लोक आमच्याकडंच यायचे. ताप, पोटदुखी घेऊन कुणी आलं तर मामंजी हात जोडायचे. "आत काय चाललंय ते मला दिसत न्हाय. पाय दिसतो, कान दिसतो, डोळा दिसतो. दिसतंय तेवढंच माझं."

पायाच्या भेगांना राळेचं मलम असायचं. ते घरीच व्हायचं. राळ तेलात विरघळवून परातीत घ्यायची आणि पाणी घालघालून तळव्यानं घोटायची, लोण्यासारखी पांढरी होईपर्यंत. ते घोटणं माझ्याकडं होतं. चिखल्यांना कात आणि तुरटी. कुरुपाला पट्टी. कान ठणकत असेल तर लसूण घालून कढवलेलं तेल, तेही कोमट करून दोन थेंब. पण कानातून पू येत असेल तर तेल मागितलं तरी मिळायचं नाही, कोरडा बोळा ठेवून गप बसा म्हणायचे. रांजणवाडीला शेक. डोळे आले तर तुरटी आणि जस्ताचं पाणी, निळ्या बाटलीतलं.

मी आत चुलीपुढं असले तरी दुकानातलं बोलणं कानावर यायचं. एकदा एक म्हातारी नवऱ्याच्या कानाचं औषध मागायला आली होती.

"म्या बोलले की ऐकूच येत न्हाय म्हणतो."

"आन् दुसरं कुणी बोललं की?"

"तवा येतंय की समदं."

"मग आजी, दवा त्येच्या कानाला देऊ का तुझ्या तोंडाला?" मामंजी म्हणाले, आणि सगळं दुकान हसलं. म्हातारीपण हसली. मी आत तोंडावर पदर धरून हसले. मामंजी असे होते. पण माझ्याशी ते कधी बोलले नव्हते आणि मीही नाही. सासऱ्यापुढं सुनेनं बोलायचं नाही, समोर यायचं नाही, ही आमच्या घरची रीत होती. त्यात काही वावगं आहे असं मला कधी वाटलं नाही. उलट बरंच वाटायचं. मी लहानपणापासूनच भित्री. बेंबळीच्या शाळेत चौथीपर्यंत शिकले, पण मास्तरांनी उभं केलं की येत असलेलं उत्तरही घशात अडकायचं.

बायका मात्र दुकानात येत नसत. त्या मागच्या दारानं परसात यायच्या आणि तिथून आत सांगायच्या. सासूबाई होत्या तोवर त्या मधे होत्या. बायकांचं ऐकायच्या, दाराशी जाऊन मामंजींना सांगायच्या आणि औषध आणून द्यायच्या. मला लग्न होऊन दोन वर्षं झाली आणि सासूबाई गेल्या. माझे यजमान दिवसभर आडतीवर नाहीतर खेड्यांच्या बाजाराला. मग बायकांचं मामंजींना सांगणार कोण?

मामंजींनीच तोड काढली आणि यजमानांकरवी मला कळवली. दुकानाच्या दाराच्या उंबऱ्यावर मी खूण ठेवायची. कानाचं असेल तर कापसाचा बोळा, पायाचं असेल तर चिंधी, डोळ्याचं असेल तर काजळाची डबी. खूण ठेवून दाराआड उभं राहायचं आणि बांगड्या वाजवायच्या. ते तोंड दुकानाकडं ठेवूनच विचारणार. उत्तर हो असेल तर बांगड्या वाजवायच्या, नाही असेल तर गप्प राहायचं. शेवटी ते हात मागं करून उंबऱ्यावर पुडी ठेवत, मी उचलून आणत असे. पाच वर्षं आम्ही दोघांनी असं काम केलं. बायकांना गुण यायचा. परसात येऊन त्या म्हणायच्या, "तुमच्या मामंजीच्या हाताला यश हाय बघा," आणि त्यातलं थोडं माझ्याही वाट्याचं आहे असं मला मनातून वाटायचं.

डोळ्याचे त्यांचे तीन प्रश्न ठरलेले होते. पहिला, सकाळी चिकटतोय का. दुसरा, खाजतोय का. तिसरा, खुपतंय का. चिकटत असेल तर डोळा आलाय, निळ्या बाटलीतलं पाणी. पहिल्या प्रश्नाला हो आलं की पुढचे प्रश्न ते विचारत नसत. दोन्हींना नाही आलं तरच तिसरा. आणि तिसऱ्याला हो आलं तर औषधच नाही. पुरुष असला तर त्याला ओट्यावर उन्हाकडं तोंड करून बसवायचे, काडीवर पापणी उलटी करायचे, आत काही दिसलं तर ओल्या कापसानं टिपायचे. नाही निघालं तर सरळ म्हणायचे, "आता ह्यात पाणी घालू नगं, मलम घालू नगं. बार्शीला जा. आजच्या आज." हे मी आतून इतक्यांदा ऐकलं होतं की मला पाठ झालं होतं. म्हणून मला माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही.

आमच्या परसाला लागून एका पिंजाऱ्याचं घर होतं. नवरा पिंजण खांद्यावर टाकून खेडोपाडी जायचा. घरी त्याची आई, तिला सगळे अम्मा म्हणत, आणि बायको. तिला मी भाभी म्हणायची, ती मला वहिनी. माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी. कापूस झोडपून साफ करणं, गाद्या भरणं, रजयांना टाके घालणं, हे ती करायची. तिचे टाके बघत बसावंसं वाटायचं. आखल्यासारखी ओळ, आणि कापूस कुठं गोळा झालेला नाही. लग्नातल्या रजया लोक मुद्दाम तिच्याकडं द्यायचे. नवऱ्याच्या फिरतीचा भरवसा नसायचा, घर चालायचं ते तिच्या सुईवर. तीही दुकानात येत नसे, परपुरुषापुढं तोंड दाखवायची नाही. दुपारी कुंपणाच्या फटीशी आम्ही दोघी बसायचो. माझ्याशी एवढं बोलणारं दुसरं माणूस मला नव्हतं.

त्या दिवशी आठवड्याचा बाजार होता. ती मागच्या दाराशी आली, उजव्या डोळ्यावर ओढणीचा बोळा धरलेला.

"वहिनी, काल कापूस झोडताना कायतरी उडालं बघा. वाळल्या पानाचा कचरा असंल. पाण्यानं धुतलं, अम्मानं जिभेनं बी काढून बघितलं. निघत न्हाय."

"सकाळी चिकटला होता का?" मी मामंजींसारखंच विचारलं.

"चिकटत न्हाय, खाजत न्हाय. नुसतं टोचतंय. पापणी मिटली की सुई फिरल्यावानी."

मी पापणी उचलून पाहिली. लाल होतं, पाणी वाहत होतं, कचरा काही मला दिसला नाही. "थांबा, आणते," म्हणाले.

काजळाची डबी उंबऱ्यावर ठेवली आणि बांगड्या वाजवल्या. दुकान गच्च भरलं होतं. खेड्यापाड्यातले पुरुष, तेलाचे डबे, गुळाची घासाघीस. माझ्या बांगड्या वाजल्या तसा पुढचा एकजण मोठ्यानं म्हणाला, "काय शेटजी, आता दुकानात बांगड्या बी ठिवल्या व्हय इकायला?"

दुसरा म्हणाला, "इकायला न्हाय गड्या, त्या तर आतल्या आत वाजत्यात. दाखवा की भाव काय ते!"

हशा पिकला. मामंजी म्हणाले, "तुझा गूळ घे आन् वाटंला लाग," पण लोक हसतच होते. मी दाराआड होते, मला कुणी पाहत नव्हतं, तरी अंगावरचं लुगडं ओढून घेतल्यासारखं वाटलं. 

मामंजींनी विचारलं, "सकाळी चिकटतोय का?"

मी गप्प राहायचं होतं. गप्प राहिले असते तर त्यांनी दुसरा प्रश्न विचारला असता. मग तिसरा. तिसऱ्याला बांगड्या वाजवाव्या लागल्या असत्या आणि ते लोक पुन्हा हसले असते. मग मामंजींनी आणखी काहीतरी विचारलं असतं, भाभीला कसं बघायचं, कुणी बघायचं. ते सगळं होईपर्यंत मला तिथं उभं राहावं लागलं असतं. मला तिथून जायचं होतं. बस, एवढंच.

मी बांगड्या वाजवल्या.

मामंजींचा हात मागं आला. निळ्या बाटलीतलं पाणी एका शिशीत ओतून उंबऱ्यावर ठेवलं. "दिवसातून तीनदा. दोन-दोन थेंब," ते दुकानाकडं बघत म्हणाले.

मी शिशी भाभीला दिली. तिनं माझ्याच हातानं डोळ्यात थेंब घालून घेतले. झोंबलं तशी तोंड वाकडं करून म्हणाली, "लई कडक दवा हाय. म्हंजे गुण येणार."

दुसऱ्या दिवशी म्हणाली, थंड वाटतंय. मला सुटल्यासारखं झालं. मनात म्हटलं, कचरा असेल तर पाण्याबरोबर वाहून गेला असेल. तिसऱ्या दिवशी तिला उजेड सोसेना. चौथ्या दिवशी ती आली नाही, मी कुंपणाशी जाऊन हाक मारली तर आतून अम्मा म्हणाल्या, "झोपली है. डोकं बी ठणकतंय म्हणती." मी पुन्हा उंबऱ्याशी जाऊ शकले असते. दुकान त्या दिवशी रिकामं होतं. पण डबी पुन्हा ठेवली की मामंजी पुन्हा विचारणार, आणि आता चिकटत नाही असं कसं सांगायचं? कालपरवा चिकटत होता ना, मग? खोटं उघडं पडेल याची मला भीती वाटली. तिच्या डोळ्यापेक्षा ती भीती मोठी झाली होती, हे लिहिताना आज हात जड होतो.

सहाव्या दिवशी मी तिच्या घरी गेले. ती कोपऱ्यात भिंतीकडं तोंड करून बसली होती. पुढं अर्धी शिवलेली रजई. तिनं तोंड वळवलं. डोळ्याच्या काळ्यावर मोहरीएवढा पांढरा ठिपका होता.

संध्याकाळी यजमान आले तसं त्यांना सांगितलं, की भाभीच्या डोळ्यात कचरा गेलाय आणि डोळा बिघडलाय. बांगड्यांचं सांगितलं नाही. त्यांनी मामंजींना सांगितलं. मामंजी गादीवरून उठले ते तसेच, दुकान उघडं टाकून, घरातून परसात आले. बायकांच्या वाटेनं ते कधी आले नव्हते. मी चुलीआड झाले. कुंपणाजवळ उभं राहून त्यांनी हाक मारली, "अम्मा, सुनेला हितं उजेडात आणा. अजून दिवस हाय तेवढ्यात. मी तिच्या बापासारखा हाय."

अम्मांनी तिला आणलं. ओढणी बाजूला केली. मामंजींनी काडीवर पापणी उलटी केली. बराच वेळ वाकून बघत होते. मग पापणी सोडली आणि हात धोतराला पुसत राहिले.

"फूल पडलंय," म्हणाले. "आत अजून रुतून बसलाय कचरा." आणि मग, स्वतःशीच बोलल्यासारखं, "मी डोळा आलाय म्हणून पाणी दिलं."

अम्मा म्हणाल्या, "तुम्ही काय करणार बाबा. नशिबाला आलं."

दुसऱ्या दिवशी उजाडताना आमचीच गाडी जुंपली. यजमान, भाभी आणि तिचा नवरा बार्शीला गेले. बार्शी म्हणजे इंग्रजांचा मुलुख, वाटेत निजामाचा करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, नाका, तिथं गाडीतली गाठोडी सोडून दाखवावी लागत. आठ दिवसांनी ती आली. डॉक्टरनं कचरा काढला होता. जखम भरेल, ठणका जाईल, पण फूल जाणार नाही असं सांगितलं होतं. त्या डोळ्यानं तिला उजेड आणि सावली एवढंच कळायचं.

ती आली त्या दिवशी मामंजींनी फळीवरच्या बाटल्या खाली उतरवल्या. एकेक बाटली बूच काढून परसातल्या मोरीत ओतली. राळेच्या मलमाची बरणीसुद्धा. त्यात पायाच्या भेगांचं मलम होतं, त्याचा काय दोष? यजमान म्हणाले, "अप्पा, लोक काय करतील?" ते म्हणाले, "लोक आधी काय करायचे ते करतील." त्यानंतर कुणी चिखल्या घेऊन आलं, ठणकणारा कान घेऊन आलं, तरी ते मान हलवून गूळ तोलत राहायचे. त्यांची ती थट्टाही बंद झाली. पुढं चार वर्षांनी ते गेले, ते चूक आपलीच असं धरूनच. मी एका वाक्यात त्यांचं ओझं उतरवू शकले असते. पण ते वाक्य म्हणायचं तर त्यांच्याशी बोलावं लागलं असतं, आणि ती रीत आडवी होती, असं मी स्वतःला सांगत राहिले. खरं म्हणजे रीत माझ्या सोयीची होती.

भाभी बरी झाल्यावर पुन्हा रजया घेऊन बसायला लागली. मान एका बाजूला कलती ठेवून टाके घालायची. ओळ तिरपी जायची, उसवून पुन्हा घालायची. एक दिवस कुंपणाशी सुई ओवताना हसून म्हणाली, "एक बरं झालं वहिनी. सुई ओवताना एक डोळा मिटावा लागायचा, ती मेहनत वाचली." मला हसता आलं नाही. ती म्हणाली, "हसा की, मी हसतेय तर." लग्नातल्या रजया तिच्याकडं येणं हळूहळू बंद झालं. मग गाद्यांचं जाड काम राहिलं.

पुढची दोन-तीन वर्षं वाईट गेली. बार्शीचा रस्ता बंद पडला, सरहद्दीवरच्या गावांत जाळपोळ व्हायची, कुठल्या दिवशी कोण येईल याचा भरवसा नव्हता. मग निजामाचं राज्य गेलं. आणि मग भीती दुसऱ्या बाजूच्या घरांत शिरली. पिंजाऱ्यांनी ठरवलं की हैदराबादला भाभीच्या भावाकडं जायचं. मला कळलं ते त्यांच्या दाराशी गाडी उभी राहिली तेव्हाच.

भाभी मागच्या दारानं आली. हातात काही नव्हतं. मी चटई टाकली, ती बसली नाही. डाव्या डोळ्याला ओढणी लावून टिपत होती.

"ह्यातनं पाणी येतंय दोन दिस झालं," म्हणाली. "तिकडं कोण ओळखीचं न्हाय. तुमच्या मामंजीकडं कायतरी असंल तर बघा. त्यांनी बंद केलंय, मला म्हाईत हाय. पण बघा."

तिचा तो एकच डोळा होता. मला तो बघायला हवा होता, पण माझ्या तोंडून भलतंच बाहेर पडलं. एवढी वर्षं आत धरून ठेवलेलं. "भाभी, त्या दिवशी मामंजींनी चिकटतोय का विचारलं तर मी हो म्हणाले. तुम्ही टोचतंय म्हणून सांगितलं होतं. दुकानात लोक हसत होते. मला तिथनं पळायचं होतं. त्यांनी चुकीची दवा दिली ती माझ्यामुळं."

मी रडत होते. ती रडली नाही. माझ्याकडं बघत होती, मान तशीच कलती.

"अम्माला सांगू नका," म्हणाली. "अम्मा अजून नमाजानंतर तुमच्या मामंजीला दुवा देती. गाडी दिली म्हणून." मग म्हणाली, "मला का सांगितलं आता? जायच्या टायमाला?"

मी पदरानं तोंड पुसत राहिले.

"जाऊ द्या. दवा बघा," ती म्हणाली.

मी तशीच दुकानाच्या दाराशी गेले. डबी घेतली नाही. उंबरा ओलांडला आणि दुकानात उभी राहिले. दोन गिऱ्हाइकं होती, ती माझ्याकडं बघायला लागली. मामंजींचा हात तराजूवरच थांबला.

"मामंजी," मी म्हणाले. दहा वर्षांत पहिल्यांदा. "मागच्या भाभी निघाल्यात. त्यांच्या चांगल्या डोळ्यातनं पाणी येतंय. काही असेल तर द्या."

त्यांनी माझ्याकडं सरळ पाहिलं. त्यांचे डोळे इतके थकलेले असतील असं मला आतून कधी वाटलं नव्हतं. रिकाम्या फळीकडं त्यांचा हात गेला, मग खाली. गल्ल्यामागच्या एका डब्यात तळाशी थोडी बोरिक पावडर राहिली होती. कागदावर घेऊन तिची पुडी बांधता बांधता त्यांनी विचारलं, "चिकटतोय का?"

मी म्हणाले, "माहीत नाही."

"खाजतोय?"

"माहीत नाही."

"खुपतंय?"

मी तिला विचारलंच नव्हतं. काहीच विचारलं नव्हतं. ती डोळा घेऊन आली होती आणि मी तिला माझंच सांगत बसले होते.

"जावा, इचारून या," मामंजी म्हणाले. "लवकर."

मी घरातून पळत परसात आले. चटई तशीच होती. मागचं दार उघडं होतं. कुंपणाच्या फटीतून पाहिलं तर पलीकडच्या घराला बाहेरून कडी. मी डोक्यावर पदर न घेता गल्लीत आले. गाडी मोठ्या रस्त्याला लागली होती, मागं गाद्यांची गाठोडी बांधलेली, बुरख्यातल्या दोघी त्यांच्यामधे. त्यातली भाभी कुठली तेही ओळखू येईना. मी हाक मारली. माझा आवाज एवढा होईल असं मला वाटलं नव्हतं, गल्लीतल्या दोन दारांत बायका येऊन उभ्या राहिल्या. गाडी थांबली नाही.

मागं वळले तर मामंजी दुकानाच्या ओट्यावर आले होते, पुडी हातात घेऊन.

"गेली व्हय?" त्यांनी मला विचारलं.

"व्हय," मी म्हणाले.

त्यांनी हातातल्या पुडीकडं पाहिलं. "खुपत असंल तर ह्येचा काय उपेग बी न्हाय," म्हणाले, आणि आत गेले.